इस्त्रीबाईची गृहचौकशी

आमच्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं आहेत. एक माझं, एक इस्त्रीबाईचं. हे नाव तिला इमारतीने पाठीमागे ठेवलं होतं. पुढे ते तिच्या कानावर गेलं, तेव्हा ती रागावली नाही. "खोटं काय आहे त्यात?" एवढंच म्हणाली.

खोटं काहीच नव्हतं. ती पडद्यांना इस्त्री करायची, अभ्र्यांना करायची, नवऱ्याच्या रुमालांना करायची. इथवर ठीक. पण ज्या फडक्याने ओटा पुसायचा, त्या फडक्यालाही ती इस्त्री करायची.

"अगं, पुसल्यावर ते चुरगळणारच ना?" मी एकदा म्हटलं.

"माणूस मरणारच असतो ताई, म्हणून कोणी आंघोळ सोडतं का?"

मी माझ्या हातातलं फडकं पदराआड केलं.

ती लहानपणी नातेवाइकांच्या उतरलेल्या कपड्यांवर वाढली. प्रत्येक कपड्याबरोबर एक 'बिच्चारी' फुकट मिळायची. देणारीचा हात डोक्यावरून फिरायचा आणि फ्रॉकचं बटण मात्र तुटलेलंच असायचं. तेव्हापासून त्या शब्दाची तिला शिसारी होती. चुरगळलेल्या माणसाची लोक कीव करतात, कडक घडीच्या माणसाची करत नाहीत, हे तिचं तत्त्वज्ञान. मोठमोठ्या पुस्तकांत याहून फार वेगळं काही असतं असं मला वाटत नाही.

नवरा तिला शोभेसा मिळाला. तो सरकारी छापखान्यात कागद कापायच्या यंत्रावर होता. अर्ज, पावत्या, दाखले, जे काही सरकार छापतं, त्याच्या कडा तो सरळ करायचा. बोलायचा कमी. कुठलाही कागद हातात आला की आधी त्याची कड अंगठ्याने तपासायचा, मजकूर नंतर. लग्नाची निमंत्रणपत्रिका आली तरी तेच. "तिरकी कापलीय," म्हणायचा आणि लग्नाला जायचा नाही.

माझे यजमान गेले, तेव्हा सांत्वनाला आलेल्या बायका माझ्या गळ्यात पडून रडल्या आणि जाताना चहा घेऊन गेल्या. इस्त्रीबाई रडली नाही. तिने माझी इस्त्री मागितली, त्यांचे सगळे शर्ट काढले, एकेकाला इस्त्री करून घडी घातली आणि कपाटात परत लावले. "आता द्यायचे असतील त्याला द्या," म्हणाली. "चुरगळलेले देऊ नका."

मग तिचाही नवरा गेला. यंत्रापाशी उभा असतानाच छातीत कळ आली. हातातला गठ्ठा त्याने आधी नीट बाजूला ठेवला आणि मग तो खाली बसला, असं बरोबरच्यांनी सांगितलं. तिला त्यात नवल वाटलं नाही.

मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही म्हणतात. सरकारी खात्यात मेल्यावरही आधी ओळखपत्र जमा करावं लागतं. आणि नियम असा की ते कर्मचाऱ्याने स्वतः येऊन जमा करावं. तिच्या पेन्शनचं घोडं तिथेच पेंड खात बसलं. कारकून म्हणाला, "बाई, नियम आहे, मी काय करू?" ती म्हणाली, "मी निरोप ठेवते." तो वर बघतच राहिला. मग खुलाशाचा अर्ज, त्या अर्जाला जोडायला दाखला, दाखल्याला जोडायला आणखी एक अर्ज. पगार तर माणसाबरोबरच थांबला होता. घर भाड्याचं. मुलगी नुकतीच शिकून बाहेर पडलेली, नोकरीच्या शोधात.

अशा वेळी तिचा दीर आला. तो कुठल्याशा कार्यालयातून निवृत्त झाला होता आणि त्या कार्यालयात त्याने आयुष्यभर काय केलं हे कोणालाच माहीत नव्हतं. पण त्याला सगळंच माहीत असायचं. आमच्या इमारतीत त्याला 'माहितीखातं' म्हणत.

"वहिनी, पेन्शन काय, आज ना उद्या मिळेल," तो सोफ्यावर ऐसपैस बसून म्हणाला. "खरी गोष्ट आहे ती अनुकंपा नोकरी. माणूस नोकरीत असताना गेला की घरातल्या एकाला चिकटवून घेतात. पोरीचं नाव द्या. आयुष्याचं कल्याण!"

"अर्ज दिलाय भाऊजी."

"अर्ज कोणीही देतं. पुढे काय होतं ते मला विचारा. गृहचौकशी! माणूस घरी येतो. घर गरजू आहे का बघतो. गरजू नसेल तर फाइल बंद." मग त्याने मान वळवून कडक पडदे बघितले, भिंतीवरचं घड्याळ बघितलं, पांढराशुभ्र फ्रीज बघितला आणि कपाळाला हात लावला. "वहिनी, या घराला कोण नोकरी देईल? मीच तुमच्याकडे नोकरी मागेन!"

मुलगी हसली. इस्त्रीबाई हसली नाही.

"आणि नाहीच झालं," तो उठताना म्हणाला, "तर आमचं घर आहेच की. तुम्ही दोघी या. मागची खोली रिकामीच आहे. आमच्या हिलाही हाताखाली कोणी नाही. भांडीकुंडी, धुणं, तुम्हाला कामाची आवडच आहे. बिच्चाऱ्या तुम्ही, एकट्या काय करणार?"

तो शब्द मी माझ्या दारातून ऐकला. इस्त्रीबाईचा चेहराही मला दिसला. त्या क्षणी तिने काय वाटेल ते करून ही नोकरी मिळवायची ठरवलं, हे मला तिथूनच कळलं. प्रश्न नोकरीचा नव्हताच. भाडं थकलं की ती मागची खोली तिची वाट बघत होती, आणि त्या खोलीत रोज सकाळी चहाबरोबर 'बिच्चारी' मिळणार होती.

माहितीखात्याच्या सल्ल्याप्रमाणे सामान हलवायचं ठरलं. कुठे? अर्थात माझ्याकडे. मी एकटी, घर मोठं, आणि शाळेत नन्सनी शेजाऱ्यावर प्रेम करायला शिकवलेलं. शेजाऱ्याचा सोफा कुठे ठेवायचा हे त्यांनी शिकवलं नव्हतं, ते मी स्वतः शिकले.

आधी फ्रीज आला. माझ्या फ्रीजच्या शेजारीच जागा होती. सवयीने मी त्याचं बटण चालू केलं.

"राहू द्या ताई, कशाला?" ती घाईने म्हणाली.

"अगं, बंद फ्रीजला वास येतो."

तिने पुढे केलेला हात मागे घेतला. मला वाटलं, भीड असेल.

मग सोफा, घड्याळ, शिलाई मशीन. माहितीखातं दारात उभं राहून उंटावरून शेळ्या हाकत होतं. "हां, डावीकडून. जपून. मला कंबरेचा त्रास आहे, नाहीतर मीच उचललं असतं." मुलगी घामाघूम झाली होती.

"काका, एवढं बास ना?"

"बास. आता घर थोडं गरीब दिसतंय."

"थोडं म्हणजे किती?" इस्त्रीबाईने विचारलं.

घोटाळा इथे झाला. या बाईला थोडं काही करता येत नाही. थोडं स्वच्छ, थोडी घडी, थोडा वेळ हे शब्द तिच्या भाषेतच नव्हते. माहितीखात्याच्या लक्षात ते यायला हवं होतं, पण ते एकच त्याला माहीत नव्हतं.

"म्हणजे वहिनी, एखादी मोडकी खुर्ची, फाटकी गादी, टवके उडालेले कप असं काहीतरी असू द्या."

"माझ्याकडे मोडकं काही नाही."

"आमच्याकडे आहे ना!" असं म्हणून तो खरंच घरी गेला आणि संध्याकाळी बायकोने दिलेली एक गादी घेऊन आला. त्या गादीकडे बघून मला एवढं कळलं की या लोकांची गृहचौकशी झाली असती, तर सबंध घराण्याला नोकरी लागली असती. कापूस बाहेर आलेला, कडेला तेलाचे डाग, आणि शिवणीतून काहीतरी चालत होतं.

इस्त्रीबाई दारात आडवी उभी राहिली. "ही आत येणार नाही."

"अहो वहिनी, दोन दिवसांचा प्रश्न आहे."

"ढेकणांना दोन दिवस म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या. घाण दिसण्यापेक्षा रिकामं दिसलेलं बरं."

आणि ती रिकामं करायला लागली. पलंग माझ्याकडे. डबे माझ्याकडे. गॅसची शेगडी, कारण तीही चकचकीत होती. चपलांचं कपाट, कारण कपाटात चपला ओळीने लावलेल्या आणि त्यांना पॉलिश. शेवटी बादली आली. "बादली राहू दे की," मी म्हटलं. "एकटीच बरी दिसत नाही," ती म्हणाली. मग तिने फरशी सोड्याने घासली, भिंती पुसल्या, खिडकीच्या काचा वर्तमानपत्राने लख्ख केल्या. त्या खोल्यांत आवाज घुमायला लागला. त्या दिवसापासून मायलेकी माझ्याकडेच जेवायच्या आणि माझ्याकडेच झोपायच्या, कारण त्यांच्या घरी झोपायला फरशीखेरीज काही उरलं नव्हतं.

चौकशीवाला आला दुपारी. किरकोळ बांध्याचा, खांद्याला पिशवी, अंगात असा शर्ट की रात्री तो त्यातच झोपला असावा. इस्त्रीबाईने दार उघडलं आणि तिची नजर त्याच्या कॉलरवर खिळली. तिथून ती हलेना. मी आणि मुलगी मागे उभ्या होतो. माहितीखातं कंबर धरून जिन्यात.

त्याने सगळ्या खोल्या बघितल्या. लांब नव्हतं बघायला. मग विचारलं, "बाई, तुम्ही इथेच राहता?"

"हो. लग्न झाल्यापासून."

"स्वयंपाक कुठे करता? शेगडी दिसत नाही."

खोटं बोलायची सवय पाहिजे. तिला नव्हती. तिने माझ्या दाराकडे बोट केलं. "समोर."

"आणि झोपता?"

"समोर."

"आंघोळ? बादलीही नाही."

"तीही समोरच," मुलगी हळूच म्हणाली.

त्याने पिशवीतून कागद काढला. "म्हणजे कुटुंब समोर राहतं. मग मला समोरचं घर बघावं लागेल."

ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ बघितले. भांडं लपवलं तिथेच ताक वाढणाऱ्याला घेऊन जाणाऱ्या आम्हीच.

तो माझ्या घरात शिरला. माझा सोफा, त्याला लागून तिचा सोफा. मधून आडवंच चालायला लागत होतं. भिंतीवर दोन घड्याळं, एकमेकांशी इमानाने जुळणारी. दोन शिलाई मशीन. आणि शेजारी शेजारी, जुळ्या बहिणींसारखे, दोन फ्रीज.

"दोन फ्रीज?" त्याने मला विचारलं.

खोटं बोलायला न शिकवणं हा कॉन्व्हेंटच्या शिक्षणातला मोठाच दोष. तरी मी प्रयत्न केला. "एक बिघडलेला आहे," मी म्हटलं.

त्याच क्षणी तिचा फ्रीज गुरगुरून चालू झाला. माझा आधीपासून चालूच होता.

तो फ्रीजकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. "कुठला?" त्याने अदबीने विचारलं.

निकालाचं पत्र यथावकाश आलं. अर्जदार कुटुंब एका ज्येष्ठ नातेवाईक महिलेकडे वास्तव्यास असून घरात दोन रेफ्रिजरेटरसह मुबलक सामान आढळले. सबब कुटुंब सुस्थितीत आहे. हरकत असल्यास फेरचौकशीचा अर्ज करावा. इतक्या वर्षांच्या शेजारानंतर मी तिची नातेवाईक झाले, ती सरकारी कागदावर.

माहितीखातं पत्र वाचून म्हणालं, "मी म्हटलं होतं, बादली ठेवा."

"तुम्ही बादलीचं नाव तरी काढलं होतं का, काका?" मुलगी म्हणाली.

"मनात होतं. असो. आता फेरचौकशी. या वेळी घर भरायचं, पण मोडक्या सामानाने. ती गादी अजून आमच्या गॅलरीत आहे."

"भाऊजी," इस्त्रीबाई म्हणाली, "तुमच्या कंबरेला त्रास होतो. तुम्ही घरी बसा."

"म्हणजे? अहो, मी तुमच्याच भल्यासाठी..."

"माझं भलं जिन्यावरून खाली गेलं की उजवीकडे वळतं. तुम्ही त्याच्याबरोबर जा."

इतकी वर्षं मी तिला ओळखत होते, असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. माहितीखातं त्या दिवशी कंबर न धरता जिना उतरलं.

त्याच दिवशी सगळं सामान परत गेलं. या वेळी मुलगी आणि मी ढकलत होतो, ती पुढून ओढत होती. पडदे लागले, घड्याळ लागलं, चपला ओळीत गेल्या. "अगं, पुन्हा विचार कर," मी तिला म्हटलं. "एवढं सगळं बघून तो पुन्हा नाही म्हणाला तर?"

"तर त्या मागच्या खोलीत जाईन. पण जाताना माझ्या घरातून जाईन. रिकाम्या खोलीतून नाही."

फेरचौकशीला तोच माणूस आला. मला वाटतं शर्टही तोच होता. इस्त्रीबाईने त्याला सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं आणि तो कागद काढायच्या आत बोलायला लागली.

"साहेब, मागच्या वेळी मी घर लपवलं. ती माझी चूक. हे सगळं आमचंच आहे. सोफा यांनी जादा पाळ्या करून घेतला. मशीन माझ्या शिवणाच्या पैशांचं. आहे ते आहे म्हणून लिहा. काहीही खोटं लिहू नका. फक्त पगार येत होता, तो येत नाही, एवढंच लिहा."

"बाई, पगाराचा रकाना वेगळा आहे," तो म्हणाला. "माझ्याकडे सामानाचा आहे." आणि त्याने एकेक खूण करायला सुरुवात केली. "सोफा, आहे. घड्याळ, आहे. शिलाई मशीन, आहे. फ्रीज..." तो उठला. मागच्या वेळी फसलेला माणूस, या वेळी त्याने दार उघडूनच बघितलं.

आत दिवा लागला नाही.

वरच्या कप्प्यात चादरी होत्या. मधल्या कप्प्यात अभ्रे, टॉवेल. भाज्यांच्या खणात रुमाल आणि फडकी. सगळ्यात खाली नवऱ्याचे छापखान्यातले दोन जाड निळे अंगरखे. सगळ्याच्या घड्या अशा की कोपरा कोपऱ्यावर.

"हे काय?"

"फ्रीज बंद आहे, साहेब. पगार थांबला तेव्हाच बंद केला. बिल परवडत नाही. रिकामा ठेवून काय करायचं? आत धूळ जात नाही, कपडे चांगले राहतात."

मी तिथेच उभी होते आणि मला 'राहू द्या ताई, कशाला?' आठवलं. त्या दुपारी गुरगुरणारा फ्रीज माझ्या विजेवर गुरगुरत होता. मी रोज या घरात येत होते आणि रोज मला कडक पडदे दिसत होते.

चौकशीवाल्याला मात्र वेगळीच शंका आली. सरकारने माणसाला शंका घ्यायलाच पगार दिलेला असतो. "बिल परवडत नाही म्हणता," तो म्हणाला, "आणि एवढी इस्त्री? इस्त्रीला फ्रीजपेक्षा जास्त वीज लागते."

इस्त्रीबाईचे कान लाल झाले.

"आई, सांग ना," मुलगी म्हणाली. ती सांगेना. तेव्हा मुलगी आतल्या खोलीत गेली आणि पलंगावरची गादी तिने एका बाजूने उचलली. गादीखाली, फळीवर, दुसऱ्या दिवशीचे कपडे दमट घडी घालून ओळीने ठेवले होते. त्यात उरलेला एक पडदाही होता.

"आई रोज कपडे असे घालते, आणि आम्ही दोघी त्यावर झोपतो," मुलगी म्हणाली. "कूस बदलायची नाही असं सांगितलंय. घडी मोडते."

चौकशीवाला गादीखाली वाकून बघत राहिला. मग सरळ झाला आणि नकळत त्याने स्वतःच्या शर्टाची कड खाली ओढली. "अरेरे," तो म्हणाला. "बिच्..."

"तो शब्द लिहायचा नाही!" इस्त्रीबाई असं ओरडली की त्याचं पेन खाली पडलं.

त्याने पेन उचललं. तो फ्रीजपाशी परत गेला आणि कागद उलटसुलट करून बघायला लागला. त्याची अडचण खरी होती. कागदावर फ्रीजपुढे 'आहे' आणि 'नाही' अशी दोनच घरं होती. बऱ्याच विचाराने त्याने फ्रीजची ओळ पूर्णच सोडली, आणि खाली 'कपाट' होतं तिथे 'आहे' वर खूण केली. "कपाट चालतं," तो मला हळूच म्हणाला. "कपाटाने कोणी सुस्थितीत होत नाही." मग शेऱ्यात त्याने लिहिलं: कुटुंब त्याच घरात राहते. वीज वापरत नाही.

सरकारला दया येते का, मला माहीत नाही. माझ्या आयुष्यात तसा योग आला नाही. पण रकाना जुळला की सरकार पाझरतं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मुलीला छापखान्यातच घेतलं, बांधणीच्या विभागात. पेन्शन अजून ओळखपत्राच्या खुलाशावर अडकली आहे, पण भाडं सुटलं. आणि माहितीखातं गावभर सांगत फिरत होतं की फ्रीजला कपाट करायची आयडिया त्याचीच.

नेमणुकीचं पत्र खालच्या टपालपेटीत कोणीतरी कोंबून टाकलेलं. चुरगळलेलं, एक कोपरा ओला. मुलगी ते घेऊन ओरडतच जिना चढली. इस्त्रीबाईने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि कपाटाच्या, म्हणजे फ्रीजच्या, वरून इस्त्री खाली काढली. किती दिवसांनी तिची तार भिंतीपर्यंत गेली. पत्रावर तिने रुमाल अंथरला आणि इस्त्री फिरवायला लागली.

"आई, शिक्का पसरेल!"

शिक्का पसरलाच. त्याचा खुलासा मुलीला पहिल्याच दिवशी छापखान्यात लेखी द्यावा लागला. पण तेव्हा इस्त्रीबाईचं शिक्क्याकडे लक्षच नव्हतं. तिने गरम पत्र उचललं, आणि त्याच्या कडेवरून सावकाश अंगठा फिरवला. वरपासून खालपर्यंत. मग दुसऱ्या बाजूने.

"तिरकं कापलंय," ती म्हणाली. "आता तिथे कोण बघतं कोण जाणे."

आणि रुमाल डोळ्यांना लावून ती आत गेली. रुमाल अजून गरम होता.